चौसष्टपैकी तेवीस: एआय सहायकात फोटो नेमके कुठे अडत होते

ताईंचा पहिला निरोप चारच ओळींचा होता. वडिलांच्या हस्तलिखित डायरीचे ६४ फोटो आहेत. ते एआय सहायकाकडून वाचून घेऊन टाइप करायचे आहेत. काही फोटो जातात, काही जात नाहीत. आणि जो जात नाही त्याच्यासाठी दर वेळी एकच वाक्य येतं: ‘प्रतिमा अपलोड करता आली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ सांगितल्याप्रमाणे त्यांनी पुन्हा प्रयत्न केला होता. दोन दिवस तेच करत होत्या.

मी तो सहायक चालवणाऱ्या छोट्या टीममध्ये काम करते. आतलं भाषा-मॉडेल दुसऱ्यांचं आहे. चॅटचं पान, फाइल घेणारा सर्व्हर, चित्र लहान करून मॉडेलपुढे ठेवणारी यंत्रणा, हे सगळं आमचं. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यातला बहुतेक दोष आमच्या बाजूचा होता. ‘फोटो अपलोड होत नाही’ या एका तक्रारीखाली किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे मला इतकं स्पष्ट आधी कधी दिसलं नव्हतं, म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवते आहे.

फोनवर आधी विचारलं, आत्तापर्यंत काय काय केलंत. यादी मोठी होती. ब्राउझर बदलला, कॅशे आणि कुकीज पुसल्या, ॲप काढून पुन्हा टाकलं, वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फोटोंच्या नावातली मराठी अक्षरं काढून साधे आकडे दिले. एवढं सगळं कोणी सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाल्या, “तुमच्या त्या सहायकालाच विचारलं ना.”

सहायकाला फोटोबद्दल विचारता येतं, पण न पोचलेल्या फोटोबद्दल विचारून काही उपयोग नसतो. मॉडेलला फक्त त्याच्यापर्यंत आलेला मजकूर आणि आलेलं चित्र दिसतं. वाटेत काय झालं, सर्व्हरने कोणता क्रमांक परत पाठवला, फाइल किती मोठी होती, यातलं काहीच त्याच्यासमोर नसतं. तरीही तो उत्तर देतो, कारण अपलोडच्या अडचणींवर लोकांनी जे असंख्य वेळा लिहिलंय ते त्याने वाचलेलं असतं. ती यादी चुकीची नव्हती. पण ती कोणत्याही अपलोडसाठी, कोणत्याही दिवशी तशीच आली असती. ताईंच्या फोटोंबद्दल तिच्यात एक शब्दही नव्हता, आणि ताईंनी मात्र ती तपासून दिलेल्या निदानासारखी पाळली होती.

मी त्यांना म्हटलं, आता पुन्हा प्रयत्न करायचं थांबवू या. मला दोन फाइल हव्यात: हमखास जाणारी एक आणि हमखास न जाणारी एक. दोन्हींत काय फरक आहे ते बघू. ताईंनी त्याहून चांगलं काम केलं. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांनी वहीत तक्ता आखून ६४ फोटोंची हजेरीच घेतली: क्रमांक, कोणी काढला, कोणत्या यंत्रावर, फाइल किती मोठी, गेला की नाही. ४१ गेले होते, २३ अडले होते.

त्या तक्त्यात त्यांच्या स्वतःच्या फोनवरचे ३८ फोटो होते, त्यांतले चार अडलेले. भावाने आयफोनवर काढलेले ११ होते, ते सगळेच अडलेले. आणि डायरीत खोचलेल्या १५ सुट्या कागदांचे स्कॅन होते, त्यांतले आठ अडलेले. हा तक्ता पाहिला तेव्हाच एक कारण शोधायचा विचार मी सोडायला हवा होता. सोडला नाही, आणि अर्धा दिवस गेला.

त्या अर्ध्या दिवसात मी सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, शोधत बसले. भावाच्या फोटोंच्या नोंदी मिळाल्या, स्कॅनच्या एकाही अडलेल्या फाइलची नोंद मिळाली नाही. मागमूसच नाही. सर्व्हरपर्यंत आलंच नाही, म्हणजे इंटरनेट तुटत असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि ताईंना जोडणी तपासायला सांगितली. हा सल्ला चुकीचा होता. जोडणी ठणठणीत होती.

मग मी आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: चूक नेमकी कोणत्या क्षणी येते? फोटो निवडल्यावर त्याचं छोटं चित्र दिसतं का? पट्टी पुढे सरकते का? संदेश पाठवायच्या आधी अडतं की पाठवल्यावर?

उत्तरं तीन वेगवेगळी आली. भावाच्या फोटोंचं छोटं चित्र येतच नव्हतं, नुसता करडा चौकोन, आणि दोन-तीन सेकंदांत नकार. स्कॅनचं छोटं चित्र नीट येत होतं, पट्टी बराच वेळ सरकायची आणि मग नकार. आणि ताईंच्या स्वतःच्या फोनवरचे चार फोटो तर पूर्ण अपलोड होत होते. बाण दाबून संदेश पाठवला की तेव्हा कुठे नकार. तिन्ही ठिकाणी पडद्यावरचं वाक्य मात्र अक्षर न अक्षर तेच.

भावाचे अकरा फोटो

यातली पहिली फाइल मागवून घेतली आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. चित्राची फाइल अशी उघडली की बहुतेक कचरा दिसतो, पण सुरुवातीचे काही बाइट फाइलची खरी जात सांगतात. जेपीजीची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी होते. पीएनजीच्या पहिल्या काही बाइटांत पी-एन-जी ही अक्षरं सरळ वाचता येतात. या फाइलच्या सुरुवातीला एफ-टी-वाय-पी आणि त्याला लागूनच एच-ई-आय-सी अशी अक्षरं होती. नावाच्या शेवटी डॉट जेपीजी होतं, आत एचईआयसी, म्हणजे चित्र साठवण्याची वेगळीच पद्धत.

एचईआयसीमागचा मूळ आराखडा, हीफ, २०१५ साली तयार झाला, आणि २०१७ मध्ये आयओएस ११ पासून ॲपलने तो आयफोनच्या कॅमेऱ्यासाठी नेहमीचा केला. त्याच दर्जाचं चित्र जेपीजीपेक्षा बरंच कमी जागेत मावतं, हा त्याचा मोठा फायदा. जेपीजीचं मानक १९९२ सालचं. ते इतकं जुनं आहे की बहुधा सगळीकडे चालतं. एचईआयसी अजूनही सगळीकडे चालत नाही, आणि आमच्या सर्व्हरवर चालत नव्हतं.

मग डॉट जेपीजी कुठून आलं? भावाने फोटो केबलने कॉम्प्युटरवर उतरवले, तेव्हा त्यांची नावं डॉट एचईआयसी अशीच होती. आमच्या चॅटच्या खिडकीत त्या फाइली निवडताच येत नव्हत्या, करड्या दिसायच्या. घरातल्या भाच्याने त्यावर उपाय काढला: नाव बदलून शेवटी जेपीजी केलं. फाइली निवडता यायला लागल्या. खिडकीने नाव बघून आत सोडलं, सर्व्हरने आत डोकावून बाहेर काढलं. नाव बदलल्याने फाइल बदलत नाही. बाटलीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतलं औषध बदलत नाही, तसंच.

याहून मोठा चकवा पुढे होता. यातलाच एक फोटो भावाने स्वतःच्या आयफोनवरून, फोटो लायब्ररीतून थेट अपलोड केला होता, आणि तो बिनबोभाट गेला होता! त्यावरून घरात ठरलं होतं की कॉम्प्युटर बिघडलाय. प्रत्यक्षात आयफोनच्या ब्राउझरमध्ये फोटो लायब्ररीतून चित्र निवडलं की ते बहुतेक वेळा वाटेतच जेपीजीत रूपांतरित होऊन पुढे जातं. केबलने उतरवलेल्या मूळ फाइलच्या वाट्याला ते रूपांतर येत नाही. एकच फोटो एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने अडतो, तेव्हा माणूस वाटेतल्या यंत्रावर संशय घेतो. यात ताईंचं काहीच चुकलं नव्हतं.

उपाय सोपा निघाला. फाइलींची नावं पूर्ववत केली, कॉम्प्युटरवरच्या फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या आणि जेपीजी म्हणून नव्याने सेव्ह केल्या. पुढचे फोटो काढताना आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडायला सांगितलं. अकराच्या अकरा गेले.

आठ स्कॅन आणि कुठेच न दिसणारा नकार

मला सगळ्यात जास्त वेळ याला लागला, आणि सगळ्यात जास्त लाजही याचीच वाटली. आमच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: फाइल १० एमबीपर्यंत चालेल. ताईंचे अडलेले स्कॅन ७.७ पासून ८.९ एमबीपर्यंतचे. म्हणजे नियमात बसणारे. ताईंनी हे मला पहिल्याच फोनमध्ये सांगितलं होतं: “मर्यादेच्या आतच आहेत हो सगळे, मी बघितलंय.” मी ते ऐकून पुढे गेले होते.

लॉगमध्ये नोंद नसल्यामुळे आता ताईंच्या बाजूने बघणं भाग होतं. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कचा भाग कसा बघायचा ते त्यांना फोनवर सांगितलं. कोणीतरी कुठेतरी वाचून त्यांना सुचवलं होतं की त्या भागाचं पूर्ण रेकॉर्डिंग फाइल करून पाठवावं. ते मी पाठवू दिलं नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये लॉगिनच्या कुकीज आणि टोकन येऊ शकतात, आणि ते ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. मदत मागताना लोक ही फाइल सर्रास देऊन टाकतात, त्याची मला खरोखर काळजी वाटते. मला फक्त त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट पुरेसा होता.

सर्व्हर नकार देतो तेव्हा कारण सांगणारा एक ठरावीक क्रमांक पाठवतो. त्या ओळीत असा क्रमांक नव्हताच. तिथे कॉर्सची चूक होती. हे ऐकायला अवघड वाटतं, पण गोष्ट साधी आहे. आमचं चॅटचं पान एका पत्त्यावर आणि फाइल घेणारा सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर. दुसऱ्या पत्त्यावरून आलेलं उत्तर पानाला वाचू द्यायचं की नाही, हे ब्राउझर त्या उत्तरासोबत आलेल्या परवानगीच्या शीर्षकावरून ठरवतो. ते शीर्षक नसेल तर उत्तर येऊनही ब्राउझर ते पानाला दाखवत नाही, फक्त ‘विनंती फसली’ एवढंच कळवतो. आमच्या पानाचा कोड त्यावरून ‘नेटवर्क तुटलं’ असं समजत होता.

सर्व्हरपर्यंत विनंती आलेली नाही, तरी कोणीतरी उत्तर देतंय, म्हणजे मध्ये कोणीतरी आहे. मध्ये होता प्रॉक्सी, सर्व्हरच्या दारावरचा पहारेकरी. त्याचे लॉग वेगळ्या ठिकाणी साठत होते आणि मी तिथे पाहिलंच नव्हतं. तिथे ओळीने ४१३ क्रमांक होते. ४१३ म्हणजे ‘पाठवलेला ऐवज फार मोठा आहे’. आणि प्रॉक्सी स्वतःहून नकार देतो तेव्हा तो परवानगीचं शीर्षक जोडत नाही, कारण ते आम्ही फक्त यशस्वी उत्तरांना जोडलं होतं.

पण ८ एमबीची फाइल १० एमबीच्या मर्यादेला मोठी कशी झाली? आमचं पान चित्र जसंच्या तसं पाठवत नव्हतं. ते बेस ६४ पद्धतीने अक्षरांत बदलून पाठवत होतं. या पद्धतीत दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे निघताना फाइल एक तृतीयांशाने फुगते. ८.४ एमबीचा स्कॅन दाराशी ११.२ एमबीचा होऊन उभा राहायचा. प्रॉक्सीची मर्यादा १० एमबी आणि पानावर लिहिलेली मर्यादाही १० एमबी, पण एक मोजमाप फुगल्यानंतरचं, दुसरं फुगण्याआधीचं. खरी मर्यादा साडेसात एमबी होती. ताईंचा तक्ता पुन्हा काढला. गेलेल्यांतला सर्वांत मोठा स्कॅन ७.३ एमबीचा, अडलेल्यांतला सर्वांत लहान ७.७ एमबीचा. साडेसातची रेघ त्या दोघांच्या बरोबर मधून जात होती. हे उत्तर दोन दिवस त्यांच्या वहीत पडून होतं.

शेवटचे चार

हे चार फोटो बाकीच्या चौतिसांसारखेच होते. तोच फोन, तोच आकार, तीच जात. आधी वाटलं, घाईने एकामागून एक पाठवल्यामुळे ४२९ येत असेल, म्हणजे ‘थोड्या वेळात फार विनंत्या’. पण ताई तर तासाभराने पाठवूनही अडत होत्या. मग त्या फोटोंचे वहीतले क्रमांक पाहिले: ६१, ६२, ६३, ६४. डायरीची शेवटची पानं. ताई सगळे फोटो एकाच संभाषणात घालत होत्या, पानांचा क्रम मोडू नये म्हणून.

मॉडेलला मागचं आपोआप आठवत नाही. तुम्ही नवा संदेश पाठवता तेव्हा त्याच्यापुढे आधीचं सगळं संभाषण पुन्हा ठेवलं जातं, मागच्या चित्रांसकट. आमच्याकडे लहान केलेलं एक चित्र सरासरी ४८० केबीचं भरत होतं. ४१ चित्रांचे साधारण १९.७ एमबी झाले. एका विनंतीसाठी आम्ही ठेवलेली मर्यादा २० एमबी. बेचाळिसावं चित्र कोणतंही असतं तरी ते अडलंच असतं. नवीन संभाषण उघडलं आणि चारही फोटो पहिल्या फटक्यात गेले. त्या फोटोंत काहीच दोष नव्हता, ते फक्त रांगेत शेवटी होते.

इथे ६४ पैकी ६४ झाले. ताईंनी मनापासून आभार मानले, मी तक्रारीची नोंद बंद केली.

न अडलेला फोटो

तीन दिवसांनी ताईंचा फोन आला. आवाज वेगळा होता. म्हणाल्या, “एक वाक्य वाचून दाखवते. ‘शेतात खत राहिले.’ बाबांची शेती कधीच नव्हती हो.”

मूळ पान त्यांनी भिंगाखाली धरून वाचलं होतं. तिथे होतं: ‘मनात खंत राहिली.’

त्या पानाचा फोटो पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रयत्नात गेला होता. कुठेही चूक दाखवली नव्हती. ज्या ४१ फोटोंना आम्ही सगळ्यांनी ‘गेले’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्यांतलाच एक. तेवीस फोटोंचा दोष निदान पडद्यावर दिसत तरी होता. हा दिसला नसता तर ताईंच्या वडिलांच्या तोंडी त्यांनी कधी न लिहिलेलं वाक्य कायमचं गेलं असतं.

काय झालं ते शोधायला मी मॉडेलपुढे प्रत्यक्षात ठेवलं गेलेलं लहान चित्र काढून पाहिलं. ताईंच्या फोनवरचा फोटो आडवा ४००० बाय ३००० पिक्सेलचा, त्यात डायरीची उघडी दोन पानं. आमची यंत्रणा कोणत्याही चित्राची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणते. म्हणजे सगळं ०.४ पट. मूळ फोटोत अनुस्वाराचा ठिपका पाच पिक्सेलचा असेल तर लहान चित्रात दोनच पिक्सेल उरतात, आणि तेही कागदाच्या पिवळटपणात मिसळून. ‘खंत’वरचा ठिपका गेला की उरतं ‘खत’. मराठी हस्ताक्षरात हे फार जिव्हारी लागतं. ‘मंद’चं ‘मद’ होतं, ‘नंदी’ची ‘नदी’ होते, आणि दोन्ही खरेच शब्द असल्यामुळे नुसती नजर फिरवणाऱ्याला काही खटकत नाही. एखादं अक्षर पुसट झालं तर शब्द निदान विचित्र दिसतो. ठिपका गेला तर शब्द बिनचूक दिसतो आणि अर्थ मात्र हरवलेला असतो.

‘मनात’चं ‘शेतात’ कसं झालं, याचं उत्तर मॉडेलच्या स्वभावात आहे. ते पिक्सेलसोबत संदर्भही वाचतं. ‘खत’ हा शब्द एकदा धरला की अलीकडच्या अंधुक शब्दाला ‘शेतात’ म्हणणं जास्त स्वाभाविक, आणि ‘राहिली’चं ‘राहिले’ करणं व्याकरणाला धरून. वाक्य नीटनेटकं झालं. नीटनेटकं झालं म्हणूनच ते पकडणं कठीण होतं.

शोधताना आणखी एक गोष्ट सापडली. सहा फोटो मॉडेलपुढे आडवे पडलेले जात होते. फोन आडवा-उभा कसाही धरला तरी कॅमेरा बहुतेक वेळा चित्र एकाच दिशेने साठवतो आणि ‘दाखवताना एवढं फिरवा’ अशी खूण एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच दडलेल्या माहितीत, लिहून ठेवतो. आमची यंत्रणा चित्र लहान करताना एक्झिफ पुसत होती. ते योग्यच होतं, कारण त्यात फोटो काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. पण ती पुसण्याआधी चित्र फिरवत नव्हती. मॉडेलने आडवी पानंसुद्धा वाचली होती, फक्त मधल्या ओळी गाळून.

स्कॅनच्या बाबतीतलं गणित तर मला अजून चकित करतं. ताईंनी ते काळजीपूर्वक ६०० डीपीआयवर केले होते, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. ए४ कागद त्या दराने ४९६० बाय ७०१६ पिक्सेलचा होतो. लांब बाजू १६०० वर आणली की मॉडेलपुढे इंचाला जेमतेम १३७ ठिपके पोचतात. तोच कागद २०० डीपीआयवर स्कॅन करून अर्धा-अर्धा कापला, तर प्रत्येक तुकडा १६५४ बाय ११७० चा, जवळजवळ न आक्रसता जातो आणि इंचाला १९३ ठिपके पोचतात. फाइल किती तरी लहान, आणि तरी अक्षर जास्त स्पष्ट. ६०० डीपीआयचे स्कॅन ताईंनी जपून ठेवावेत असंच मी सांगितलं, मूळ कागद जीर्ण होत चाललेत. पण सहायकाला वाचायला देण्यासाठी त्यांचा उपयोग नव्हता. फाइल मर्यादेबाहेर गेली एवढंच त्यातून मिळालं.

पुन्हा पहिल्यापासून

डायरीचे फोनवरचे ४९ फोटो आम्ही कापले. प्रत्येक फोटोतली दोन पानं वेगळी केली, मग प्रत्येक पानाचा वरचा आणि खालचा भाग. एक ओळ दोन्हीकडे येईल अशी बेतून, म्हणजे कापलेल्या रेघेवर काही हरवायला नको. असा तुकडा २००० पिक्सेल रुंद, तो १६०० वर आला तरी ०.८ पट. पहिल्यापेक्षा दुप्पट. १९६ तुकडे झाले. हातानं करायला सांगण्यात अर्थ नव्हता, टीममधल्या एकाने त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. दर वीस तुकड्यांना नवं संभाषण.

सूचनाही बदलली. आधी ताई ‘हे पान टाइप करून दे’ म्हणत होत्या. आता: ओळीला ओळ उतरवायची, ओळी जोडायच्या नाहीत, जुनं शुद्धलेखन सुधारायचं नाही, आणि शब्द नीट दिसत नसेल तर अंदाज न करता ‘अवाच्य’ लिहायचं. या सूचनेने अंदाज थांबतात असं नाही, कमी होतात. म्हणून ओळीला ओळ हवी होती: कागद शेजारी ठेवून प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द ताडला की गळलेली ओळ लगेच सापडते. सगळं पुन्हा वाचण्याला मात्र पर्याय नाही. तसं ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचायचंच तर होतं.

आमच्या बाजूने जे बदललं ते थोडक्यात. फाइल पाठवण्याआधीच पान तिचे पहिले बाइट तपासतं आणि सांगतं, ‘या फाइलचं नाव जेपीजी आहे, पण ती एचईआयसी आहे, जेपीजीत रूपांतर करून पाठवा.’ चित्र बेस ६४ न करता जसंच्या तसं जातं, त्यामुळे लिहिलेले १० एमबी आता खरोखर १० एमबी आहेत. प्रॉक्सीच्या नकारालाही परवानगीचं शीर्षक जोडलं. संभाषण भरत आलं की अपलोडच्या आधीच तशी सूचना येते. फिरवण्याची खूण पाळूनच ती पुसली जाते.

एक गोष्ट अजून झालेली नाही, आणि मी तिच्यासाठी टीममध्ये भांडते आहे. मॉडेलपुढे जाणारं लहान केलेलं चित्र वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे. आज ताईंना पडद्यावर स्वतःचा स्वच्छ, मोठा फोटो दिसतो आणि त्या समजतात की सहायकालाही तोच दिसतोय. तसं नसतं. ते अंधुक चित्र त्यांना पहिल्या दिवशी दिसलं असतं, तर त्यांनी स्वतःच म्हटलं असतं, यातून मलाही वाचता येत नाही, ते काय वाचणार? टीमचं म्हणणं, लोक उगाच गोंधळतील. मला ते पटत नाही.

नव्या तुकड्यांमध्ये ते पान आलं तेव्हा मी फोनवर होते. ताईंनी सहायकाचं उत्तर सावकाश वाचलं: ‘मनात खंत राहिली.’ त्याखालच्या ओळीत तीन शब्द आणि मग ‘अवाच्य’. त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नाही, मलाही लागत नाहीये. राहू दे तसंच.”